पानाची ताटली: कुटुंबाने मिळून सिरॅमिकचा छोटा स्टुडिओ सुरू करताना

सिरॅमिकचं काम घरी सुरू करायचं ठरलं की बहुतेक जण आधी चाक विकत घेतात. माझा सल्ला उलटा आहे: पहिलं वर्ष चाकाच्या नादी लागू नका. चाकावर एका मापाच्या सहा वाट्या काढता येईपर्यंत महिने जातात. तोवर घरात काम करणारा माणूस एकच असतो आणि बाकीचे बघे. त्याऐवजी माती लाटून, तिच्यावर झाडाचं पान दाबून ताटल्या करायला घेतल्या तर पहिल्या आठवड्यापासून सगळ्यांना काम मिळतं. कुणी माती मळतं, कुणी लाटतं, कुणी पानं निवडतं, कुणी कडा पुसतं. शिवाय पळसाच्या पत्रावळीवर आणि द्रोणात जेवलेल्या आपल्या लोकांना पानाच्या ताटलीचं कौतुक वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

म्हणून इथे एकच वस्तू घेतली आहे: स्टोनवेअरची (म्हणजे खूप जास्त तापमानाला भाजून पक्क्या केलेल्या मातीची), पानाचा ठसा असलेली, खाण्यासाठी वापरता येईल अशी ताटली. ही एक नीट जमली की वाटी, ट्रे, कुंडीखालची बशी हे सगळं तिच्याच पोटातून निघतं.

आधी जरा फिरून या

हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात अंद्रेटा नावाचं गाव आहे. तिथली पॉटरी मिनी आणि मेरी सिंग या जोडप्याने उभी केली. मिनी हे दिल्लीचे जुने स्टुडिओ कुंभार गुरचरण सिंग यांचे चिरंजीव. लाल मातीच्या भांड्यांवर पातळ मातीने, म्हणजे स्लिपने, नक्षी काढायची या एका तंत्रावर तिथलं काम ओळखू येतं. पुदुच्चेरीत १९७१ साली डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. भारतातल्या स्टोनवेअर स्टुडिओंची एक अख्खी पिढी तिच्या आसपास तयार झाली. दोन्ही ठिकाणी तंत्र वेगळं, तापमान वेगळं, पण एक गोष्ट सारखी दिसते: थोड्या वस्तू, त्याच त्याच, वर्षानुवर्षं.

इतकं लांब जायची गरज नाही म्हणा. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघात मातीकामाची जुनी परंपरा आहे. धारावीच्या कुंभारवाड्यात एकाच घरात माती मळण्यापासून भट्टीपर्यंत कामाची वाटणी कशी होते ते उभ्या उभ्या दिसतं. पुण्या-मुंबईत आठवड्याच्या शेवटी वर्ग घेणारे स्टुडिओही भरपूर आहेत. पैसे भरून एक वर्ग जरूर करा, पण तिथे स्वतः किती भांडी केली यापेक्षा भट्टी भरताना आणि उघडताना हजर राहायला मिळतं का, हे आधी विचारा.

माती: पिशवीतली घ्या

नदीकाठची किंवा शेतातली माती आणून ताटल्या करायचा मोह होतो. पणती, मडकं, परळ यांना ती उत्तम. पण कुंभाराची ही माती साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसच्या आसपासच भाजण्याजोगी असते. स्टोनवेअरच्या १२०० ते १२८० अंशांत ती फुगते, वाकते, कधी चक्क वितळून भट्टीतल्या शेल्फला चिकटते. तुमच्या गावची माती वापरून बघायचीच असेल तर सुपारीएवढा गोळा, जाड कडांच्या टाकाऊ बशीत ठेवून, दुसऱ्या, म्हणजे ग्लेझ (काचेसारखा लेप) लावल्यानंतरच्या, भाजणीच्या सोबत भट्टीत घाला. काय होतं ते बघा आणि मग बोला.

सुरुवातीला तयार स्टोनवेअर माती घ्या. उत्तर प्रदेशातलं खुर्जा हे या धंद्याचं मोठं ठिकाण आहे, आणि मोठ्या शहरांत मातीचे विक्रेते असतात. विकत घेताना तीन गोष्टी विचारा: ही माती किती अंशाला पक्की होते, एकूण किती टक्के आकसते, आणि तिच्यात ग्रॉग आहे का. ग्रॉग म्हणजे आधी भाजून दळलेल्या मातीची कणी. ताटलीसारख्या सपाट वस्तूला थोडी बारीक ग्रॉग असलेली माती सोयीची, ती कमी वाकते. मात्र फार भरड ग्रॉग असेल तर पानाच्या बारीक शिरा उमटत नाहीत. माती आणि ग्लेझ एकाच तापमानाचे हवेत, ही गोष्ट पहिल्याच खरेदीत ठरवून टाका. १२२० ते १२४० अंशांचा टप्पा घरगुती विजेच्या भट्टीला झेपतो. १२८० च्या मागे लागलात तर भट्टीच्या तारा लवकर झिजतात.

विक्रेत्याने सांगितलेलं आकसण्याचं प्रमाण स्वतः तपासा. ओल्या मातीची पट्टी लाटून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि शेवटच्या भाजणीनंतर ती मोजा. ८.८ सेंटिमीटर भरली तर माती १२ टक्के आकसली. मग २२ सेंटिमीटरची ताटली हवी असेल तर २२ ला ०.८८ ने भागायचं, म्हणजे ओली ताटली २५ सेंटिमीटरची कापायची. हा हिशेब मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, नाहीतर ‘एवढीशी कशी झाली?’ हा प्रश्न प्रत्येक भट्टीनंतर ऐकावा लागेल.

२५ सेंटिमीटर व्यासाच्या, ६ मिलिमीटर जाडीच्या ताटलीत साधारण ६०० ग्रॅम ओली माती जाते. कापून उरणारे तुकडे धरून ८००-९०० ग्रॅमचा गोळा घ्या. १० किलोच्या पिशवीत अकरा-बारा ताटल्या धरा. कापलेले तुकडे फेकायचे नाहीत. ते बादलीत भिजवा, पीओपीच्या लादीवर पसरून पाणी आटू द्या आणि पुन्हा मळा.

पान: कोणतं, कधी, कुठलं

पानाची वरची बाजू गुळगुळीत असते, शिरा उठून दिसतात त्या मागच्या बाजूला. म्हणून पान मातीवर पालथं नाही, उताणं ठेवायचं: मागची बाजू मातीला, चकचकीत बाजू आकाशाकडे. नवखे हमखास उलट करतात आणि ठसा फिका आला की मातीला दोष देतात.

सागाचं पान या कामाला राजा आहे. शिरांचं जाळं ठळक आणि आकार मोठा. पावसाळ्याच्या सुरुवातीचं कोवळं सागपान मऊ असतं, पण त्याचा लाल रंग हाताला लागतो. दिवाळीच्या आसपास ते राठ होतं आणि कीड लागून मधला गर खाल्लेली, नुसत्या जाळीची पानं सापडतात. ती टाकून देऊ नका, त्यांचा ठसा अप्रतिम येतो. पिंपळाच्या शिरा नाजूक, म्हणून छोट्या बशीला चांगल्या. आपट्याचं जोडपान वाटीच्या तळाशी छान बसतं. दसऱ्याआधी त्याच्या ताटल्यांना मागणी असते हे वेगळं सांगायला नको. नेचे श्रावणात सह्याद्रीत हवे तेवढे. अळूच्या शिरा सुरेख उमटतात, मात्र हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. वड, उंबर, फणस, पपई या पानांना चीक असतो. देठ तोडून थोडा वेळ पालथी ठेवा, चीक पुसा, मग वापरा. रुई आणि कण्हेर मी कामाच्या टेबलावर येऊच देत नाही. रुईचा चीक डोळ्यांना घातक, कण्हेर सगळीच विषारी, आणि घरच्या स्टुडिओत पोरं असतातच.

पानं आपल्या परसातली, शेताच्या बांधावरची, नाहीतर विचारून शेजाऱ्याकडची घ्या. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात पानफूल तोडायचं नाही, तो गुन्हा आहे. बोरिवलीच्या उद्यानात फिरायला जाताना पिशवी घरी ठेवून जा. कासच्या पठारावरची फुलं बघून डिझाइन सुचलं तर फोटो काढा.

तोडलेली पानं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस टिकतात. वाळलेली पानं दाबली की चुरा होतो. ती आधी पाण्यात भिजत घालावी लागतात.

लाटणं आणि ठसा

टेबलावर मांजरपाट पसरा. मळलेल्या मातीच्या दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवा आणि लाटणं त्या पट्ट्यांवर टेकेपर्यंत लाटा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. मधून मधून माती उचलून उलटा आणि दिशा बदला. एकाच दिशेने लाटलेली माती सगळीकडे सारखी आकसत नाही आणि गोल ताटली लंबगोल होते. लाटून झालं की दोन्ही अंगांवरून लवचिक पट्टीने घट्ट फिरवून घ्या. बुडबुडा दिसला तर सुईने टोचून दाबा.

आता पान ठेवा आणि पट्ट्या बदलून ६ मिलिमीटरच्या लावा. एकदाच, मधून बाहेरच्या बाजूला, ठाम हाताने लाटणं फिरवा. पुन्हा पुन्हा फिरवलं की पान सरकतं आणि शिरा दुहेरी उमटतात. सागासारख्या पानाची मधली शीर फार जाड असते. ती तशीच दाबली तर खाली माती दोन-तीन मिलिमीटरच उरते आणि नेमकी तिथेच भेग जाते. ब्लेडने त्या शिरेचा देठाकडचा भाग आधी तासून घ्या. देठ पूर्ण काढा.

ताटली उचलताना बोटांनी कड धरून उचलायची नाही. माती ते वाकणं लक्षात ठेवते. हातांनी सरळ केली तरी भट्टीत ती पुन्हा तशीच वाकते. म्हणून कापडासकट उचला, तिच्यावर फळी ठेवा आणि उलटी करा.

आकार देण्यासाठी विकत साचे लागत नाहीत. घरातलं उथळ ताट किंवा परात घ्या, आत वर्तमानपत्राचा एक थर पसरा आणि माती त्यात अलगद बसवा. पान अजून काढायचं नाही. ते आत असलं की हाताचे ठसे उमटत नाहीत. पूर्ण सपाट जेवणाचं ताट हे सगळ्यात अवघड काम आहे. मध्यभाग फुगतो, कडा उचलतात. सुरुवात १५ ते १८ सेंटिमीटरच्या, कडा थोड्या वर आलेल्या बशीने करा. कड जितकी वळलेली तितकी ती मजबूत.

काही तासांनी, बोट दाबलं तर खड्डा पडत नाही पण नखाने चरा ओढता येतो, अशी अवस्था येते. स्टुडिओत तिला लेदर हार्ड म्हणतात. आता सुईच्या टोकाने देठाकडून पान उचला. ते बहुतेक वेळा अखंड निघतं. नेच्याचे बारीक तुकडे अडकून राहिले तर खरवडू नका, पहिल्या भाजणीत ते जळून जातात. याच अवस्थेत कडा ओल्या स्पंजने गोल करा आणि खाली नाव किंवा खूण दाबा. कडा वाळल्यावर सँडपेपरने घासायचा बेत असेल तर तो सोडून द्या. त्या धुळीत बारीक सिलिका असते. ती वर्षानुवर्षं फुफ्फुसात जात राहिली तर सिलिकोसिस होतो आणि त्याला उतारा नाही. स्टुडिओत झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कोरडी पावडर हाताळताना एन-९५ मास्क. कामाचे कपडे स्वयंपाकघरात नेऊ नयेत. घरातच स्टुडिओ असलेल्यांनी हे नियम इतरांपेक्षा कडक पाळायला हवेत, कारण त्यांचं घर आणि कारखाना यांच्यामध्ये एक दारच असतं.

वाळवणं: इथे घाई करणारा हरतो

माझ्या मते घरगुती स्टुडिओत फुटणाऱ्या वस्तूंपैकी बहुतेक भट्टीत नाही, वाळवताना फुटतात. भट्टी फक्त ते दाखवून देते. कारण साधं आहे: कड पातळ आणि दोन बाजूंनी उघडी, म्हणून ती आधी वाळते आणि आकसते. मधला भाग अजून ओला आणि मोठा असतो. या ओढाताणीत कड तरी फाटते किंवा ताटली वाकते. म्हणून नियम एकच, कड मागे खेचायची आणि मध्य पुढे आणायचा. प्लॅस्टिकच्या पट्ट्या फक्त कडेवर पांघरा आणि मध्यभाग उघडा ठेवा. पहिल्या दिवशी सगळंच झाकलेलं, दुसऱ्या दिवशी मध्य उघडा, मग रोज थोडं थोडं.

खालून हवा लागणंही तितकंच महत्त्वाचं. सनमायकाच्या टेबलावर ठेवलेली ताटली वरूनच वाळते आणि कडा वर उचलते. छताला लावतात त्या जिप्सम बोर्डाचे तुकडे घ्या, कडांना चिकटपट्टी लावा म्हणजे चुरा मातीत पडणार नाही. त्यावर ताटली ठेवली की बोर्ड खालून पाणी शोषतो. रोज एकदा उलटी करा.

कोकणात आषाढ-श्रावणात हवेतच इतकं पाणी असतं की ताटली दहा-बारा दिवस थंडगार राहू शकते. झाकणाची फिकीर कमी, पण धीर जास्त लागतो. पंखा थेट लावू नका. बंद खोलीत बल्ब लावलेला जुना कपाटवजा रॅक बरा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात नेमकं उलटं, दुपारच्या झळीत ताटली दोन तासांत कडेने पांढरी पडते. तिथे काम पहाटे करावं आणि ओलं कापड घातलेल्या पेटीत माल ठेवावा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणी सांगितलेलं ‘पाच दिवसांत वाळतं’ हे वेळापत्रक तसंच्या तसं उचलू नये.

वाळली का हे बघायला ताटली गालाला लावा. गार लागली तर आत अजून पाणी आहे.

भट्टी: आधी भाड्याची

पहिले काही महिने दुसऱ्याच्या भट्टीत भाजून घ्या. बरेच स्टुडिओ शेल्फच्या हिशेबाने किंवा भट्टीच्या जागेच्या हिशेबाने पैसे घेऊन भाजून देतात. पूर्ण वाळलेला कच्चा माल सगळ्यात ठिसूळ असतो, म्हणून नेताना फोमच्या पट्ट्यांमध्ये उभ्या ताटल्या बसवा आणि रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगा. तुमची माती किती अंशाची ते भट्टीवाल्याला लिहून द्या. कमी तापमानाची माती चुकून मोठ्या भाजणीत गेली तर त्यांच्या शेल्फचं नुकसान होतं, आणि मग ती भट्टी तुम्हाला पुन्हा मिळत नाही.

स्वतःची विजेची भट्टी घ्यायची वेळ आली की आधी वायरमन बोलवा, मग विक्रेता. सिंगल फेजवर छोटी टेस्ट भट्टी चालते. ताटल्यांच्या कामाला पुरेल अशा भट्टीला बहुधा थ्री फेज जोडणी, स्वतंत्र एमसीबी आणि उत्तम अर्थिंग लागतं. महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यायला वेळ जातो, तो आधीच धरा. भट्टी भिंतीपासून दीड फूट तरी लांब, सिमेंटच्या जमिनीवर, हवा खेळती असलेल्या शेडमध्ये हवी. पहिल्या भाजणीत पान जळतं, मातीतले सेंद्रिय पदार्थ जळतात, धूर आणि वास येतो. फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा झोपायच्या खोलीला लागून भट्टी ठेवू नये.

पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, अशी करतात. ताटल्या एकमेकींत किंवा एकमेकींवर ठेवल्या तरी चालतं, पण दोन-तीनपेक्षा जास्त नकोत. झाकणाचं भोक उघडं ठेवून ८०-९० अंशांवर काही तास थांबा. शंभराच्या पुढे उरलेल्या पाण्याची वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही की ताटलीचे तुकडे उडतात. ६०० पर्यंत तासाला ८०-१०० अंशांपेक्षा वेगाने जाऊ नका. साधारण ४५० ते ६०० च्या दरम्यान मातीच्या रेणूत बांधलेलं पाणी निघून जातं, आणि त्यानंतर ती पुन्हा कधीच चिखल होत नाही. ५७३ अंशांवर मातीतलं क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतं, थंड होताना त्याच जागी आकुंचन पावतं. म्हणून चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा तिथून हळू जायचं. पुढे वेग वाढवून ९८० ते १००० अंशांवर बंद करा. शंभराच्या खाली येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी.

कंट्रोलरच्या आकड्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणारा भाग, जुना होत जातो तसा चुकीचं सांगतो. झरोक्यासमोर कोन, म्हणजे भट्टीसाठी मिळणारा छोटा शंकूच्या आकाराचा सुळका, ठेवा. ठरावीक उष्णता मिळाली की कोन वाकतो, आणि त्याला तापमानाइतकाच वेळही कळतो. प्रत्येक भाजणीचं पान वहीत: तारीख, काय भरलं, दर तासाचं तापमान, कोन किती वाकला, विजेच्या मीटरचं आधीचं आणि नंतरचं वाचन. घरात ज्याला हिशेबाची आवड आहे त्याच्याकडे ही वही द्या.

ग्लेझ: पानाला उठाव इथे येतो

ठशात रंग भरायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे लोखंडाचा लाल ऑक्साइड पाण्यात कालवून बिस्क ताटलीवर ब्रशने फासायचा आणि ओल्या स्पंजने पुसून टाकायचा. सपाट भागावरचा जातो, शिरांत बसलेला राहतो. गेरू वापरूनही हे होतं, पण गेरूत लोखंड कमी-जास्त असतं. दरवेळी नवा गेरू आणला की आधी तुकड्यावर तपासा. त्यावर पारदर्शक ग्लेझचा पातळ थर दिला की शिरा तपकिरी आणि बाकी ताटली मातकट पांढरी दिसते. आमच्या अनुभवात याच ताटल्या आधी संपतात.

दुसरा मार्ग रंगीत पण अर्धपारदर्शक ग्लेझ. असा ग्लेझ उंचवट्यावर पातळ होतो आणि खोलगट भागात साठतो, त्यामुळे पानाचं चित्र आपोआप गडद-फिकट होतं. अपारदर्शक, जाड पांढऱ्या ग्लेझने मात्र सगळा ठसा बुजून जातो. इतकी मेहनत करून वर चुना फासल्यासारखं होतं ते.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. जपानी-चिनी भांड्यांवर दिसणारा सेलाडॉनचा निळसर हिरवा रंग थोड्याशा लोखंडापासूनच येतो, पण त्याला प्राणवायू कमी पडेल अशी गॅसची किंवा लाकडाची भट्टी लागते. विजेच्या भट्टीत तेच लोखंड मधासारखा पिवळसर रंग देतं. हिरव्यासाठी तांबं घालतात, पण तांब्याचं प्रमाण वाढलं किंवा ग्लेझ नीट पक्का झाला नाही की ते आंबट पदार्थात उतरतं. आपल्या जेवणात लिंबू, कोकम, चिंच, ताक, लोणचं रोजचं. म्हणून खाण्याच्या बाजूला मी तांब्याचा ग्लेझ लावत नाही, मागच्या बाजूला किंवा फुलदाणीला लावते.

शिसं आणि कॅडमियम असलेला ग्लेझ स्टुडिओत आणूच नये. विक्रेत्याकडून लेखी घ्या. लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवून सकाळी रंग उडाला का हे बघणं चांगलं, पण ती फक्त पहिली चाळणी आहे. शिसं डोळ्यांना दिसत नाही. विक्रीला काढण्याआधी तयार ताटली प्रयोगशाळेत पाठवून धातू उतरतात का ते एकदा तपासून घ्या, आणि ग्लेझ बदलला की पुन्हा.

सुरुवातीला तयार ग्लेझ घ्या. ते ताकाइतकं पातळ करून ८० मेशच्या (बारीक जाळीच्या) चाळणीतून गाळा. बिस्क ताटली ओल्या स्पंजने पुसा, चिमट्याने धरून दोन-तीन सेकंद बुडवा, झटका. तळ आणि तळापासून वर तीन मिलिमीटर ग्लेझ अजिबात राहता कामा नये, नाहीतर ताटली शेल्फला चिकटते. तिथे आधीच मेण लावा. ग्लेझच्या बादल्यांजवळ मुलांना फिरकू देऊ नका आणि स्वयंपाकातली एकही पळी तिथे नेऊ नका.

काही महिन्यांनी स्वतःचं काही करावंसं वाटलं तर राखेपासून सुरुवात करा. दोन भाग फेल्डस्पार (एका खनिजाची पूड), दोन भाग लाकडाची चाळलेली राख, एक भाग माती हे १२८० अंशांच्या ग्लेझचं जुनं, जगभर चालणारं सूत्र आहे. १२२० ला ते पुरतं वितळणार नाही, त्यात फेरफार करावे लागतील. आंब्याच्या लाकडाच्या राखेत चुना भरपूर, म्हणून ती ग्लेझला वितळवते. भाताच्या तुसाची राख मात्र बहुतांश सिलिका असते, ती ग्लेझला दुधाळ आणि घट्ट करते. दोन्ही कोकणातल्या कुठल्याही घरामागे मिळतात. राख पाण्यात कालवली की पाणी कॉस्टिक, म्हणजे कातडी भाजणारं, होतं, त्यामुळे रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. प्रत्येक बदल आधी उभ्या केलेल्या छोट्या टाइलवर करून बघा. वितळलेला ग्लेझ ओघळतो की नाही, हे सपाट तुकड्यावर कळत नाही.

दुसरी भाजणी आणि तपासणी

शेल्फवर चायना क्ले आणि ॲल्युमिना हायड्रेट समसमान कालवून पातळ लेप द्या, म्हणजे ओघळलेला थेंब छिन्नीने निघतो. आता ताटल्या एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत, मध्ये पाच मिलिमीटर तरी फट. पहिला तास-दोन तास हळू, मग तासाला १५० अंशांपर्यंत, शेवटचे शंभर अंश पुन्हा हळू. वरच्या तापमानाला दहा-पंधरा मिनिटं थांबलं की ग्लेझमधले बुडबुडे बसतात. मध्येच वीज गेली तर झाकण बंदच ठेवा. वीज आली की पुढे चालू करा आणि आकड्याकडे नाही, कोनाकडे बघून थांबा.

भट्टी उघडल्यावर सगळे फोटो काढायला धावतात. आधी ताटल्या तपासा. कोरडी ताटली वजन करा, रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. वजन एक-दोन टक्क्यांहून जास्त वाढलं तर माती पक्की झालेली नाही. ती मायक्रोवेव्हमध्ये तापेल आणि तळातून पाणी झिरपेल. मग ग्लेझवर केसासारख्या भेगांचं जाळं आहे का ते उजेडात तिरपं धरून बघा. फ्रिझरमध्ये ठेवून लगेच उकळतं पाणी ओता. भेगा पडायच्या असतील तर त्या इथेच पडतील, गिऱ्हाईकाच्या घरी नाहीत. जाळी पडलेल्या ताटलीत हळदीचा रस्सा वाढला की डाग कायमचे. अशी ताटली खाण्यासाठी विकू नका, दिव्याखाली किंवा कुंडीखाली ठेवण्यासाठी द्या आणि तसं स्पष्ट लिहा. खाली हात फिरवून खडबडीत तळ पाण्याखाली घासून घ्या. टेबलाच्या काचेवर ओरखडा पडला तर तक्रार येणारच.

किंमत, कागदपत्रं, पेटी

एका ताटलीची किंमत काढताना माती, ग्लेझ, दोन भाजण्यांची वीज, भट्टीच्या तारा आणि शेल्फ बदलण्यासाठी बाजूला काढायची रक्कम, फुटलेल्या मालाचा वाटा आणि प्रत्येकाच्या हाताचे तास हे सगळं धरा. ‘घरचेच तर आहोत’ म्हणून हातांचे तास शून्य लावणारे स्टुडिओ दोन वर्षांत कंटाळून बंद पडतात. सासूबाई पानं निवडतात त्याचेही तास वहीत लिहा.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती पहिल्याच महिन्यात करून टाका. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज आहे. लाभ एका कुटुंबातल्या एकालाच मिळतो, आणि योजना पारंपरिक कारागिरांसाठी आहे, त्यामुळे पात्रता आधी वाचा. जीएसटीबद्दल सी.ए.ला विचारा. वस्तू विकणं आणि वर्ग घेणं यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत, आणि तुम्ही दोन्ही करणार असाल.

पाठवताना ताटल्या आडव्या एकावर एक रचू नका. प्रत्येक ताटली वर्तमानपत्रात, मग नालीदार पुठ्ठ्यात गुंडाळून उभी ठेवा. आडव्या ताटलीवर वरून वजन आलं की ती मधून तुटते, उभी असली की कड वजन पेलते. ही पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत, चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर भरण घालून ठेवा. पहिलं पार्सल कुरियरला देण्याआधी त्यात ग्लेझ बिघडलेली एक ताटली भरून पेटी कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकून बघा: एकदा तळावर, एकदा कोपऱ्यावर.